तो कापूस चालतोय का?

थंडी सरून उन्हं तापू लागली की आमच्याकडे एकाच मजकुराची पत्रं येतात : जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय, औषध सांगा. यंदा मात्र ठाण्याच्या एका भगिनींचं पत्र जरा निराळं आहे. त्या लिहितात, "साबणाचं पाणी मारलं, कापूस थोडा हटला. पण आता त्यात मोठाले, झिपरे पांढरे किडे फिरताना दिसतात. रोग बळावला असं समजून कुंडीच टाकून द्यावी म्हणते. पण सासूबाईंची रोजची पूजेची फुलं याच झाडाची, म्हणून हात होत नाही."

थांबा हो! कुंडी टाकू नका, आणि आज तरी फवाऱ्याला हात लावू नका.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पण त्यात फिरणारा झिपरा किडा बहुधा त्याला खायला आलेला असतो. क्रिप्टोलीमस नावाच्या एका छोट्या भुंगेऱ्याची ती अळी. मूळचा हा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली आपल्या देशात आणला गेला. द्राक्षबागाईतदार तो मुद्दाम विकत आणून बागेत सोडतात, आणि आपण फुकट आलेला पाहुणा साबणाने धुऊन काढतो! मी स्वतः जुन्या टूथब्रशने अशा डझनभर अळ्या खरवडून काढल्या होत्या, वर शेजारणीलाही तोच सल्ला दिला होता. त्या उन्हाळ्यात दोघींच्याही जास्वंदीला धड कळी आली नाही.

फसायला होतं ते सोंगामुळे. अळीच्या अंगावरही ढेकणासारखंच पांढरं मेण असतं. मग ओळखायचं कसं? खराट्याचा एक हीर घ्या आणि हळूच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, रस शोषत चिकटून बसतो. अळी मात्र लगेच चालू लागते. शिवाय ती ढेकणापेक्षा चांगलीच मोठी होते, पार अर्ध्या इंचापर्यंत, आणि तिच्या मेणाचे धागे लांब, विस्कटलेले असतात. भुंगेरा स्वतः मसुराच्या दाण्याएवढा, पाठ काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मादी अंडी घालते तीही ढेकणाच्या कापसातच. म्हणजे पिल्लू जन्मतं ते भरल्या ताटावर! अळी दोन-तीन आठवडे नुसती खात असते.

मग एवढं असूनही ढेकूण हटत का नाहीत? मुंग्यांमुळे. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. त्याच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात आणि अळ्यांना हुसकून लावतात. यावर उपाय आपल्या आजीचाच आहे. दुधाच्या फडताळाचे पाय ती पाण्याच्या वाट्यांत ठेवायची ना? तसंच एका जुन्या परातीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा आणि परातीत पाणी भरा. फांदी भिंतीला किंवा गजाला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना पूल मिळेल. पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाकून परात घासून घ्या, डास होतात.

असेच आणखी काही गैरसमजाचे बळी आहेत. मावा पडलेल्या शेंड्यावर काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या सुसरीसारखी दिसणारी अळी असेल, तर ती ठिपक्यांच्या ढालकिड्याचं बाळ. मावा फस्त करते. पानामागे केसासारख्या देठांवर एकेक पांढरं अंडं उभं दिसलं, तर बुरशी म्हणून पुसू नका. ती क्रायसोपाची. या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून आईने अंडी अशी अधांतरी ठेवलेली! आणि फुलापुढे हवेत स्थिर राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी डंख करत नाही बरं का. तिच्या अळ्याही मावाच खातात.

तेव्हा ठाण्याच्या भगिनींनी साबणाचं पाणी बंद करावं. त्याने ढेकणाबरोबर अळ्याही मरतात. कापूस फारच दाटला असेल तो एखादा शेंडा, वर अळी नाही हे पाहून, कापावा. परात आजच मांडावी आणि तीन आठवडे दम धरावा. हिराने डिवचून काहीच चाललं नाही, तर मात्र तुमच्याकडे पाहुणा आलेला नाही. मग ओल्या फडक्याने कापूस पुसा आणि मला पुन्हा लिहा.