तिसऱ्या अपत्याची शिक्षा

साताऱ्याच्या नगरपालिकेची निवडणूक डिसेंबर 2025 मध्ये झाली आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची जानेवारी 2026 मध्ये. दोन्ही नगरांचा कारभार त्यापूर्वी दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता. लोकनियुक्त मंडळे पुन्हा स्थानापन्न झाली, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु या निवडणुकांत ज्यांना मतदारांपुढे उभे राहण्याचीच मनाई होती, अशा एका वर्गाची दखल प्रचाराच्या गदारोळात कोणी घेतली नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर ज्यांच्या घरी दोहोंवरचे अपत्य जन्मास आले, त्या आईबापांचा हा वर्ग होय. महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांना ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वत्र अपात्र ठरविले आहे.

लोकसंख्येला आळा बसावा, हा या अटीचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. लहान कुटुंबाचा पुरस्कार आम्हीही करतो. पण हा कायदा ज्यांनी केला त्यांनी ती अट स्वतःस लावून घेतली नाही. चार मुलांचा बाप विधानसभेत बसू शकतो, लोकसभेतही बसू शकतो; आपल्या पेठेतील गटारे व नळ पाहण्यास मात्र तो नालायक! या विसंगतीचा समाधानकारक खुलासा पंचवीस वर्षांत आमच्या ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली हरियाणातील अशीच तरतूद वैध ठरविली, हे खरे. परंतु कायदा घटनेस धरून आहे एवढ्याने तो शहाणपणाचा ठरत नाही. पुढे हरियाणानेच ती तरतूद काढून टाकली. मध्य प्रदेश व हिमाचल प्रदेशही त्याच वाटेने गेले.

या अटीचा खरा भार कोणावर पडतो, हे पाहण्यास सातारा-सांगलीबाहेर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्हा परिषदेने ऑक्टोबर 2011 मध्ये एक हृद्य समारंभ घडवून आणला. ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ अशी नावे वागविणाऱ्या 285 मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. ही नावे बहुधा कोणास पडत? मुलाची वाट पाहत असता घरी दुसरी, तिसरी वा चौथी मुलगी आली म्हणजे तिला. ती मुलगी हवी की नको, हे ठरविताना तिच्या आईचा शब्द किती घरांत विचारला गेला असेल, हे वाचकांनीच आपल्या मनाशी ताडून पाहावे. ज्या राज्याने 2011 सालीच स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, तेच राज्य अशा मातेस सांगते की, तुला तिसरे अपत्य आहे, तेव्हा तू अर्ज भरू नकोस. सासरच्यांनी लादलेल्या बाळंतपणाची शिक्षा सुनेने भोगावी, असा हा न्याय आहे.

सांगलीकडची कथा याहून उजळ नाही. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मार्च 2017 मध्ये 19 भ्रूण पुरलेले सापडले. त्या घोर प्रकाराचा निवडणुकीशी काही संबंध नव्हता आणि तसा तो जोडण्याचा आमचा हेतूही नाही. पण 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या दोन्ही जिल्ह्यांत नऊशेच्या आत होती. मुलाचा हव्यास ज्या भूमीत इतका खोल रुजला आहे, तेथे ‘दोनच’ अशी कायद्याची सक्ती केली म्हणजे त्या दोहोंत एक तरी मुलगा असावा ही ओढ वाढणार की कमी होणार? पद सोडावयाचे नाही व मुलगाही हवा, अशा माणसापुढे मग ज्या वाटा उरतात त्यांतील एकही सरळ नाही. तिसरे अपत्य दत्तक देऊन पात्रता राखण्याचा प्रयत्न ओडिशात झाला आणि तो 2018 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ती पळवाट बंद केली, ते योग्यच झाले. परंतु पोटचे मूल देऊन टाकावे असे वाटावयास लावणारी अट तशीच राहिली.

तिचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जन्माची नोंद हा बालकाचा पहिला हक्क आहे. शाळेचा दाखला, वारसा, सारे तिच्यावर अवलंबून. तीच नोंद अर्जाच्या छाननीच्या वेळी प्रतिपक्षाचे हत्यार होते. छाननीतून निसटलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडून आल्यावरही तक्रार करता येते. ज्या नोंदीने पद जाऊ शकते, ती करण्याची उत्सुकता महत्त्वाकांक्षी बापास कितपत राहील? प्रचार पाणी व रस्ते सोडून प्रतिस्पर्ध्याच्या पाळण्यावर उतरावा, हे नगराच्या राजकारणास शोभा देणारे नाही.

शिक्षेवाचून काम होत नाही, असेही नाही. 2007 साली सातारा जिल्ह्यात नवविवाहितांसाठी एक योजना सुरू झाली. पहिले अपत्य दोन वर्षे लांबविणाऱ्या जोडप्यास 5,000 रुपये मिळत. ‘हनिमून पॅकेज’ हे तिचे नाव काहीसे उथळ खरे. पण घरोघर जाऊन, पतिपत्नी दोघांशी बोलून त्यांचे मन वळविण्याची तिची रीत सुसंस्कृत समाजास साजेशी होती. राज्याचा जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 1.7 वर आला, म्हणजे लोकसंख्या कायम राखण्यास लागणाऱ्या 2.1 च्याही खाली. जी लक्षावधी कुटुंबे लहान झाली, त्यांतील कितीजणांना नगरसेवक व्हावयाचे होते?

आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर 2024 मध्ये ही अट रद्द केली, ती लोकांनी अधिक मुले जन्मास घालावीत म्हणून. त्या कारणाशी आम्हांस कर्तव्य नाही. आमची मागणी वेगळी आहे. आपली मुले किती याचा जाब उमेदवारास विचारावयाचाच असेल, तर तो मतदारांनी विचारावा. नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्या कायद्यांतील हे कलम विधिमंडळाने काढून टाकावे, आणि त्यासाठीचे विधेयक सातारा व सांगली जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून येत्या अधिवेशनात मांडावे. या अटीचा जाच त्यांपैकी कोणासही नाही. तेव्हा स्वार्थाचा आरोप येईल, ही भीतीही त्यांना नको.