खूण दिल्यावर आठवते का?

‘नाव अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही,’ ही तक्रार साठीनंतर बहुतेकांच्या तोंडी असते. घरात त्यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. ‘वय झालं, चालायचंच,’ ही एक आणि ‘अल्झायमर तर नसेल ना?’ ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. विसरलेली गोष्ट थोडी खूण दिल्यावर परत आठवते का?

प्रश्न साधा असला तरी त्याचा आवाका मोठा आहे. ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे तपासणीच्या सोयी जिथे कमी, तिथेच गरज अधिक आहे.

विसरणे म्हणजे आठवण पुसली जाणे, असा सर्वसाधारण समज आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच त्याला धक्का दिला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो, हे त्यांना दिसले. मात्र तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत होता. विसरल्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टीचाही काही माग मेंदूत उरलेला होता.

एंडेल टल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये हे अधिक स्पष्ट केले. विद्यार्थ्यांना गटवार शब्दांची यादी दिली गेली. नंतर काहींना नुसतेच ‘आठवा’ सांगितले, तर काहींना गटांची नावे पुरवली. नावे मिळालेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांनाही नंतर ती नावे मिळताच हरवलेले शब्द सापडले. यादी घरी विसरून वाण्याकडे गेलेल्या माणसाचेही असेच होते. ‘फोडणीला काय काय लागतं?’ असे कुणी विचारले, की मोहरी आणि हिंग चटकन आठवतात. माल कोठारात असतो, वाट तेवढी सापडत नसते.

रोजच्या विसराळूपणाची कारणेही बहुधा अशीच असतात. चष्मा ठेवताना लक्ष दुसरीकडे असेल, तर ती नोंद मुळात नीट होतच नाही. स्कूटर आज कुठे लावली हे आठवताना काल-परवाच्या जागा मध्ये येतात. आडनावांची अडचण आणखी वेगळी. समोरचा माणूस सुतारकाम करतो हे लक्षात राहते, पण त्याचे आडनाव सुतार आहे हे राहत नाही. व्यवसायाला रंधा, लाकूड, भुसा असे अनेक धागे जोडलेले असतात. नावाला तसा एकही धागा नसतो.

अल्झायमरमध्ये बिघाड वेगळ्या ठिकाणी असतो. नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या आजारात लवकर बाधित होतो. नोंदच पक्की होत नसल्याने खूण देऊनही फारसे हाती लागत नाही. हर्मन बुश्के यांनी विकसित केलेली चाचणी याच फरकावर उभी आहे. ‘यात फळ कोणते?’ असे विचारत आधी प्रत्येक शब्दाकडे लक्ष वेधले जाते. मग शब्द आठवायला सांगतात आणि जे सुटतील त्यांच्यासाठी ‘एक फळ होते’ अशी खूण देतात. निरोगी वृद्ध व्यक्तीला खुणेनंतर बहुतेक शब्द आठवतात. अल्झायमरच्या रुग्णाला ते अवघड जाते. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचवलेल्या निदानाच्या निकषांतही खुणेने न सुधारणाऱ्या स्मृतीला महत्त्व दिले गेले.

तरीही घरच्या घरी निदान करणे धोक्याचे आहे. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात खुणांचा बऱ्यापैकी उपयोग होतो, त्यामुळे आठवले म्हणजे आजार नाही असे ठरत नाही. उलट नैराश्य, थायरॉइडचे विकार, ‘बी-१२’ची कमतरता, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते, आणि यांवर उपचार आहेत. ऐकूच कमी येत असेल, तर माणूस विसरला नसून त्याने ऐकलेच नव्हते, असेही असू शकते.

हे सगळे पाहायला डॉक्टरांना वेळ लागतो, आणि आपल्या व्यवस्थेत नेमकी त्याचीच टंचाई आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. स्मृतीची पहिली तपासणी बाह्यरुग्ण विभागात होते, आणि तिथल्या गर्दीत ‘वय झालं’ हे उत्तर सर्वांनाच सोयीचे ठरते. जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस जरी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने सावकाश चाचणी केली, तरी अनेकांची भीती दूर होईल आणि काहींचा आजार वेळेत हाती लागेल.

तोवर कुटुंबांना बरेच करता येण्याजोगे आहे. ‘ओळखा बरं, मी कोण?’ अशी परीक्षा घेण्याऐवजी ‘आजी, मी सुनीता, पुण्याहून आले,’ असे सांगून बोलणे सुरू करावे. गोळी ‘नऊ वाजता’ घेण्यापेक्षा ‘चहाबरोबर’ घेणे लक्षात ठेवायला सोपे जाते. किल्ल्या, चष्मा, पासबुक यांच्या जागा बदलू नयेत. आणि तासाभरात तोच प्रश्न पुन्हा येत असेल, आधी विचारल्याचे सांगूनही आठवत नसेल, ओळखीच्या गल्लीत वाट चुकत असेल किंवा नेहमीचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. जाताना चालू औषधांची यादी न्यावी. शिवाय काय काय विसरले आणि आठवण करून दिल्यावर त्यातले काय आठवले, हे चार ओळींत लिहून न्यावे. घाईच्या तपासणीत डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते.