संकेतस्थळाचे स्थलांतर आणि मालकीचा प्रश्न

छोट्या संस्थांच्या कार्यकारिणीपुढे अलीकडे एक ठराव वारंवार येऊ लागला आहे. संस्थेचे संकेतस्थळ जुने झाले आहे, ते सांभाळणारा तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला आहे, वर्षाकाठी येणारे होस्टिंगचे बिल कोषाध्यक्षांना उमगत नाही, आणि पहिल्याच पानावर तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची सूचना अद्याप झळकत आहे. अशा वेळी कोणी सदस्य सुचवतो की हा सारा पसारा बंद करून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एखाद्या सोप्या साधनाकडे जावे. बाजारात त्याला ‘वेबसाइट बिल्डर’ म्हणतात. चार वाक्यांत संस्थेची माहिती सांगायची, जुन्या संकेतस्थळाचा पत्ता द्यायचा, की काही मिनिटांत नवी पाने तयार. ठराव एकमताने संमत होतो आणि सभा चहापानाकडे वळते.

या ठरावाला सोपेपणाची टिंगल करून उत्तर देता येणार नाही. स्वतःचा सर्व्हर, स्वतःची संहिता, असा सोवळा आग्रह धरणारी काही मंडळी पुरोगामी वर्तुळातही आहेत, आणि त्यांनी प्रथम स्वतःच्या घरात डोकवावे. २००३ साली जन्मलेली वर्डप्रेस ही मुक्त परवान्याची प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांना आधार देते. आपल्याकडील बहुसंख्य वाचनालये, ट्रस्ट, कामगार संघटना तिच्यावरच उभ्या आहेत. पण तिच्यासोबत येणारी जोडसाधने दर थोड्या दिवसांनी अद्ययावत करावी लागतात. ती केली नाहीत की त्याच भोकातून चोर शिरतो आणि बालवाचनालयाच्या पानावर परदेशी जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. मालकी संस्थेची आणि पासवर्ड सचिवांच्या भाच्याच्या खिशात, अशी ही मालकी. तिला कंटाळून कोणी सोपी वाट शोधत असेल तर त्याला मूर्ख ठरवणे हा शहाणपणाचा अहंकार आहे.

तथापि ‘सोपे म्हणजे स्वतंत्र’ हे जे समीकरण या साधनांचे विक्रेते मांडतात, ते मात्र साफ खोटे आहे. या व्यवहारात आत येणे सोपे केलेले असते. बाहेर पडणे तितकेच सोपे आहे काय, हा प्रश्न कोणतीही जाहिरात विचारत नाही, आणि कार्यकारिणीही विचारत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही गोष्ट फार जुनी आहे. समजा, एखाद्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर १२०० लेख आहेत. नव्या बिल्डरकडे गेल्यानंतर चार वर्षांनी मासिक शुल्क दुप्पट झाले. आता बाहेर पडायचे तर प्रत्येक लेख हाताने उतरवून घ्यावा लागेल. एका लेखाला दहा मिनिटे धरली तरी २०० तास होतात. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेला एवढे तास कोठून मिळणार? हे २०० तास म्हणजेच त्या कंपनीच्या हातातील खरे भांडवल. तिच्या सेवेचा उत्पादनखर्च काहीही असो, या २०० तासांच्या किमतीपर्यंत ती शुल्क वाढवीत नेऊ शकते आणि ग्राहक मुकाट्याने भरीत राहतो. याला नफा म्हणणेही चूक. हा शुद्ध खंड आहे. गंमत अशी की संस्था जितकी अधिक कष्टाळू, जितके अधिक लेख ती तेथे चढवील, तितका हा खंड वाढवायला जागा होते. कुळाने आपल्या घामाने जमीन सुधारावी आणि त्या सुधारणेवरच खोताने खंड वाढवावा, हा न्याय कोकणच्या वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही.

शुल्कवाढीपेक्षाही वाईट घडू शकते. २०१७ च्या जानेवारीत दिल्लीत सुंदर पिचाई यांनी भारतातील छोट्या व्यावसायिकांसाठी गूगलच्या नव्या सोयीची घोषणा केली होती: मोबाइलवरून, फुकट, काही मिनिटांत संकेतस्थळ. छोट्या दुकानदाराला डिजिटल युगात आणणारे पाऊल म्हणून तिचा गौरव झाला. शिंपी, खाणावळवाले, शिकवणीवाले यांनी आपली पाने उघडली, पाट्यांवर आणि बिलांवर ते पत्ते छापले. मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सारी संकेतस्थळे बंद केली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला १० जून २०२४ पर्यंत दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळवले जात होते. त्यानंतर पत्ता मेला, कारण तो पत्ता दुकानदाराचा नव्हताच, ‘बिझनेस डॉट साइट’ हे गूगलचे आवार होते. जाताना कंपनीने इतर कंपन्यांच्या बिल्डरांची यादी तेवढी सुचवली. एका जमीनदाराने हाकलताना शेजारच्या जमीनदाराचा पत्ता द्यावा, तसे. त्याहून पूर्वी याहूने १९९९ मध्ये विकत घेतलेली जिओसिटीज ही लोकांच्या घरगुती पानांची प्रचंड वसाहत २००९ मध्ये अशीच पुसली होती. त्यातले जे वाचले ते स्वयंसेवकांनी रात्रंदिवस नकला उतरवून घेतल्या म्हणून वाचले.

यात कोणी बेकायदा वागले असे नाही, आणि हीच तर तक्रार आहे. विक्ससारखी मोठी कंपनी वर्षानुवर्षे उघडपणे सांगत आली आहे की तिच्या साधनात रचलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन चालवता येत नाही. करारात लिहिलेले असते, ग्राहक ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवतो. (बिल्डर हा शब्द मराठी माणसाला काही नवा नाही. सदनिकांचे पैसे घेऊन जमिनीची मालकी मात्र स्वतःकडेच ठेवणाऱ्या बिल्डरांमुळे महाराष्ट्रात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात घालावी लागली, हे मुंबई-पुण्यातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचा सचिव सांगेल.) अपवाद आहेत हेही नमूद केले पाहिजे: काही साधने रचलेल्या पानांची संहिता उतरवून घेऊ देतात, काही तर वर्डप्रेसवरच उभारलेली आहेत. म्हणजे यंत्राने पाने रचावी आणि दारही उघडे असावे, हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य मुळीच नाही. जेथे दार बंद आहे तेथे ते ठेवायचे म्हणून बंद ठेवलेले आहे.

मराठी संस्थांचे या स्थलांतरात होणारे नुकसान आणखी एका बाजूने पाहण्यासारखे आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला संगणकाच्या प्रचलित संकेतात तीन बाइट लागतात आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात त्यांची नऊ चिन्हे होतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात काना, हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात नव्वद. बाविसाव्या चिन्हापुढे मराठी शीर्षक तुटते. असे तुटके, विचित्र दिसणारे पत्ते घेऊनच आपले लेख गेली पंधरा-वीस वर्षे प्रबंधांच्या तळटिपांत, वर्तमानपत्रांत, विकिपीडियावर उद्धृत झाले आहेत. बिल्डर नवे पत्ते आपल्या पद्धतीने पाडतो. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी सूचना कोणी बसून लिहिली नाही, तर ते सारे दुवे एका रात्रीत निकामी होतात. लेख असतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट नसते. युनिकोडपूर्व काळात एकेका कंपनीच्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नाहीसा होताच निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग बनला, हा अनुभव मुद्रकांपासून संपादकांपर्यंत सर्वांनी घेतला आहे. त्यातून सुटका झाली ती कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला संकेत सर्वांनी स्वीकारला तेव्हा. तोच धडा इतक्या लवकर विसरायचा?

यंत्र जो मजकूर लिहिते त्याविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. नवी पाने रचताना ते जुना मजकूर जसाच्या तसा उचलतेच असे नाही. पुष्कळदा तो ‘सुधारून’ लिहिते. त्याला संस्थेचा इतिहास ठाऊक नसतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते एवढेच ठाऊक असते. परिणामी गिरणी कामगारांच्या संपातून उभ्या राहिलेल्या पतपेढीच्या परिचयात ‘उत्कृष्टतेचा ध्यास’ आणि ‘ग्राहककेंद्री दृष्टिकोन’ अवतरतात, आणि संप मात्र नाहीसा होतो. हे कोणाचे कारस्थान नाही, सरासरी काढण्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे. पण चळवळीचा इतिहास हा सरासरीपासून ढळलेल्या माणसांचाच इतिहास असतो. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली ‘लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल’ या ग्रंथात दाखवले होते की भांडवली उत्पादनात कामाची आखणी आणि कामाचे निष्पादन यांची फारकत केली जाते व आखणी मालकाकडे जाते. जिल्ह्याच्या गावी बसून पाच-पंचवीस संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या तरुणाच्या बाबतीत आता निष्पादनही त्याच्याकडून काढून घेतले जात आहे. आणि ज्या यंत्राने हे केले, ते यंत्र अशाच असंख्य लोकांनी खुल्या ठेवलेल्या पानांवर पोसले गेले आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे योग्यच आहे: मुक्त प्रणाली तरी कोठे निर्धोक आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी एंजिन या होस्टिंग कंपनीशी भांडण काढून तिचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील अद्ययावतीकरणाचा मार्गच बंद केला. त्या कंपनीच्या हजारो ग्राहकांचा या भांडणाशी संबंध नव्हता, तरी झळ त्यांना बसली. प्रकरण न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये हंगामी मनाई हुकूम निघाला. एका व्यक्तीच्या हाती एवढी कळ असणे हे मुक्त प्रणालीला लांच्छनास्पद आहे, यात शंका नाही. परंतु त्या गदारोळातही ज्याच्याकडे आपल्या संहितेची आणि मजकुराची नक्कल होती तो ती घेऊन दुसरीकडे जाऊ शकत होता, आणि परवाना त्याला अडवू शकत नव्हता. बिल्डरच्या आवारात हा हक्क कंपनीच्या मर्जीवर असतो. दोन्हींत फरक नाही असे म्हणणे म्हणजे कायमचा मालक आणि महिन्याच्या नोटिशीवरचा भाडेकरू यांत फरक नाही असे म्हणणे होय.

असा हक्क कंपन्या आपण होऊन देत नाहीत, तो कायद्याने घ्यावा लागतो. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा या देशात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. तोवर ती वारंवार लांबणीवर पडली होती. दूरसंचार नियामकाने शुल्काची मर्यादा १९ रुपये ठरवली, आणि क्रमांकाच्या धाकाने ग्राहक बांधून ठेवणे त्या दिवसापासून संपले. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यानेही कुळाने लावलेल्या झाडांवर त्याचा हक्क मान्य केला होता, कूळवहिवाट संपली तरी भरपाई ठेवली होती. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. एका सेवेतून दुसरीकडे जाणाऱ्या ग्राहकाला अडवणुकीविना जाऊ देणे त्याने बंधनकारक केले, आणि १२ जानेवारी २०२७ पासून अशा स्थलांतराचे शुल्कच घेता येणार नाही अशी तरतूद केली. आपल्याकडे काय झाले? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात स्वतःची माहिती सोबत नेण्याचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ च्या कायद्यातून तो गळाला. तो हक्क व्यक्तीच्या माहितीपुरताच होता, संस्थेच्या संकेतस्थळाला त्याने सारे काही मिळाले असते असे नाही. पण तत्त्व तरी मान्य झाले असते. ते वगळले गेले तेव्हा संसदेत आणि संसदेबाहेर डाव्या-समाजवादी पक्षांनी यावर किती गदारोळ केला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. भूमी, कारखाने आणि बँका यांच्या मालकीवर तासन्‌तास बोलणाऱ्या चळवळीला या नव्या खंडवसुलीची दखल घ्यावीशी वाटू नये, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

कायदा होईतो स्थलांतर करूच नये असे मात्र कोणी समजू नये. बंद पडलेले स्वतंत्र संकेतस्थळ हे चालू असलेल्या परतंत्र संकेतस्थळापेक्षा लोकांच्या अधिक उपयोगाचे नसते. पण जाण्यापूर्वी जुन्या संकेतस्थळाची संपूर्ण नक्कल, मजकूर आणि छायाचित्रांसह, संस्थेच्या कपाटात आणि आणखी एका ठिकाणी असावी. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी हाताने लिहून काढावी. यंत्राने लिहिलेला शब्दन्‌शब्द संस्थेच्या इतिहासाची माहिती असलेल्या ज्येष्ठ सदस्याने वाचावा. बाहेर कसे पडता येईल याचे लेखी उत्तर कंपनीकडून मागावे, आणि ते मिळाले नाही तर दुसरी कंपनी पाहावी. ज्या तालुक्यात दहा-बारा संस्था आहेत तेथे त्यांनी मिळून एक पगारी जाणकार ठेवला तर बिल्डरची गरजच उरणार नाही. दूध आणि साखर सहकाराने विकणाऱ्या प्रदेशाला हे अवघड वाटू नये. आणि सर्वांत आधी डोमेन नावाची नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. अनेक संस्थांच्या बाबतीत ती संस्थेच्या नावावर नसून ज्याने प्रथम संकेतस्थळ करून दिले त्या गृहस्थांच्या नावावर आहे, नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच जुन्या ईमेलवर जाते, आणि ते गृहस्थ आज कोठे आहेत हे कार्यकारिणीतील कोणालाही ठाऊक नाही.