चिठ्ठीवर चालणेही लिहा

रक्ताचा कर्करोग म्हटला की आमच्या सास्तूर गावात घरी येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो, 'काका, पडून राहा.' मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आजारावरच्या ग्लिव्हेक गोळीचे पेटंट नाकारले, म्हणून तिच्यातले औषध इमॅटिनिब स्वस्तात मिळत राहिले आणि माझ्यासारखे जगले. पण गोळी अंगातला शीण काढत नाही. पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांखाली सूज असते आणि बाजेवर जितके पडावे तितके अंग जड होते.

म्हणून मी चालतो. १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या आमच्या गावातले रस्ते रुंद आहेत, ऊन चढायच्या आत फेरी होते. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करायची. जेवण जाते, झोप लागते. व्यायामाने हा आजार बरा होत नाही. थकवा आणि मनाची मरगळ मात्र कमी होऊ शकते, असे अभ्यास सांगतात.

सगळ्यांना एकच माप नाही. मायलोमा या दुसऱ्या रक्तकर्करोगात हाडे ठिसूळ होतात, तिथे पोते उचलणे घातक. प्लेटलेट उतरल्या असतील तर साधे पडणेही महागात जाते. ताप असेल तर व्यायाम नाहीच, थेट दवाखाना. म्हणूनच हे पाहुण्यांनी नव्हे, डॉक्टरांनी सांगायला हवे. बार्शी, सोलापूर, मुंबईहून परतणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर गोळ्यांखाली किती चालायचे, काय टाळायचे तेही लिहा. आणि घरच्यांनो, आजारी सुनेला 'घरकामात व्यायाम होतोच की' म्हणू नका. तिलाही सकाळी फिरायला जाऊ द्या.