शांती आणि पंगत

वाचक माउली, शांती हा शब्द आपल्याकडे फार मोलाचा. म्हणूनच तो भलत्या जागी वापरलेला पाहून गप्प बसवत नाही. अन्याय सोसणारा माणूस उठून काही मागू लागला की चार शहाणे त्याला म्हणतात, ‘शांती धरा, हळूहळू होईल.’ हा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच का? वाढपी पंगतीत एकाला टाळून पुढे जातो, आणि शांतीचा पाठ मिळतो तो रिकाम्या पानावर बसलेल्याला! शांती म्हणजे काय, हे १९६० साली अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांनी करून दाखवले. ते नीट समजून घ्या.

त्या देशाच्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्यांची पंगत वेगळी होती. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात वूलवर्थ नावाचे मोठे दुकान होते. कृष्णवर्णीय माणसाने तेथे सामान घ्यावे, पैसे मोजावेत. कोणाची हरकत नसे. पण त्याच दुकानात खाण्याच्या काउंटरवर बसून त्याने कॉफी मागितली की नकार. तेथे राबणाऱ्यांत मात्र कृष्णवर्णीय बाया होत्या. त्यांच्या हाताचा विटाळ नाही, पैशाचा विटाळ नाही. विटाळ काय तो मांडीला मांडी लावून बसण्याचा!

१ फेब्रुवारी १९६० रोजी एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील हे चार विद्यार्थी त्या दुकानात गेले. त्यांनी बारीकसारीक वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि काउंटरवर बसले. कॉफी आली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी आले. आठवडा संपेपर्यंत शेकड्यांनी आले.

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, ‘एका कप कॉफीसाठी एवढा खटाटोप कशाला? घरी जाऊन प्यावी.’ माउली, कॉफी घरीही होती. घरी मिळत नव्हते ते एवढेच, की तूही आमच्यासारखा माणूस आहेस ही कबुली. पोट घरी भरते, पण पंगतीतून उठवलेल्याचा अपमान घरी जेवून जात नाही. दुसरा म्हणेल, ‘दुकान मालकाचे, कोणाला वाढावे हा त्याचा हक्क.’ मग त्याच माणसाचे पैसे गल्ल्यात टाकताना हा हक्क कोठे झोपला होता? त्या पावत्या याच प्रश्नासाठी जपल्या होत्या.

तिसरा म्हणेल, ‘नुसते बसून राहणे ही दुर्बळाची रीत.’ त्याला टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला न्यावे लागेल. तेथे या मुलांना शिकवणारे होते जेम्स लॉसन. हे गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपुरात, हिस्लॉप महाविद्यालयात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी येथे अभ्यास केला. परत गेल्यावर त्यांनी नॅशव्हिलच्या चर्चमध्ये मुलांकडून तालीम करून घेतली. काहींनी गुंड व्हायचे, शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचे, बाकीच्यांनी सोसायचे. उलट मारायचे नाही, उलट बोलायचे नाही, ताठ बसायचे, दुकानाची वाट अडवायची नाही. टाळ वाजवायलाही आधी हात बसावा लागतो. क्रोध आवरायला तर मनच बसावे लागते.

२७ फेब्रुवारीला ही तालीम कसाला लागली. जमावाने मुलांना मारले, अंगावर थुंकले, पेटत्या सिगारेटी अंगावर विझवल्या. मुले हलली नाहीत. पोलिसांनी धरले कोणाला? मारणाऱ्यांना नव्हे, बसलेल्या ८१ जणांना, आरोप गैरवर्तनाचा! दंड भरून सुटता येत होते, पण त्यांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकले. गावातल्या कृष्णवर्णीयांनी त्या दुकानांत खरेदी थांबवली. १९ एप्रिलला मुलांचे खटले चालवणारे वकील लूबी यांचे घर सुरुंगाने उडवले, ते बचावले. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत नगरपालिकेवर गेले. डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना विचारले, की रंगावरून माणसाला वेगळे बसवणे तुम्हाला योग्य वाटते का? भरल्या लोकांत त्यांना ‘नाही’ म्हणावे लागले. १० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांतली काउंटरे सर्वांना खुली झाली. २५ जुलैला ग्रीन्सबरोचे वूलवर्थही उघडले. पहिले पान वाढले गेले ते तेथेच राबणाऱ्या कृष्णवर्णीयांना. १९६४ साली देशभर कायदा झाला.

आता सांगा, हे ‘हळूहळू’ झाले काय? हळूहळू व्हायचे असते तर त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाले असते. शांतीने झाले, हे खरे. पण ती शांती त्यांनी स्वतः घेतलेले व्रत होते, कोणी त्यांच्या गळ्यात बांधलेले लोढणे नव्हते. गप्प राहण्यासाठी त्यांनी शांती धरली नाही; उठवले तरी उठायचे नाही, म्हणून धरली.

आपल्या नाथमहाराजांची कथा तुम्हांला पाठ आहे. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले. ही कथा आपण आवडीने सांगतो. पण त्याच नाथांनी श्राद्धाचे अन्न दारातल्या भुकेल्या अंत्यजांना वाढले, महाराघरचे आमंत्रण स्वीकारले आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, ही कथा सांगताना आवाज का खाली येतो? थुंकी सोसणारे नाथ आणि पंगत मांडणारे नाथ दोन नाहीत. ज्याला फक्त पहिले नाथ हवेत, त्याला नाथ नकोच आहेत. त्याला मुकाट सोसणारा शेजारी हवा आहे.

म्हणून एक मागणे. ‘शांती धरा’ हा शब्द कानी पडला, की तो कोण कोणाला सांगतो आहे ते आधी पाहा. सांगणाऱ्याचे पान वाढलेले असेल आणि ऐकणाऱ्याचे रिकामे असेल, तर उपदेश ऐकत बसू नका. सरकून जागा करा.

रामकृष्ण हरी.