भट्टीला टाइल्स लावण्याआधी

मंडळी, आपल्या भाऊबंदांत सध्या नवा छंद शिरलाय, परसातली पिझ्झाची भट्टी. विटांचा घुमट उभा राहतो, पहिला जाळ होतो, फोटो फिरतात. मग प्रश्न येतो, बाहेरून काय लावायचं? उत्तर ठरलेलं: सिमेंटचा गिलावा आणि वर टाइल्स. "एकदाच काय तो खर्च, मग बघायला नको."

माझं भांडण या 'बघायला नको'शी आहे.

भट्टी म्हणजे कंपाउंडची भिंत नव्हे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा चारशे अंशांच्या वर, ६० ते ९० सेकंदांत भाजतात. इतक्या तापात घुमट फुगतो, निवला की आकसतो. दर जाळाला हेच. वरचं सिमेंट ताठ, ते तडकणारच. शिवाय विटांत आणि सांध्यांत पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. माती आणि चुना तिला हळूहळू वाट देतात. सिमेंट सहज देत नाही, टाइल तर नाहीच. मग टाइल सुटते आणि आपण गवंड्याला शिव्या घालतो.

आपल्याकडे यावर उत्तर आहे आणि ते स्वस्त आहे. नुसती काळी माती नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. काळीत पीक आणि पांढरीत घर, हे जुन्या लोकांनी उगाच नाही ठरवलं. पडक्या घराच्या भिंतीची पांढरी माती घ्या, गव्हाचं भुसकट आणि शेण घालून तुडवा, दोन दिवस मुरू द्या. पातळ थर द्या, तो वाळला की दुसरा. मग चार-पाच दिवस रोज लहान जाळ करून ओल काढा. शेवटी चुन्याचा हात. आणि वर पत्र्याचं छप्पर हवंच, पावसापुढे माती टिकत नाही.

"अरे, पण आपलं गाव गोदाकाठचं!" हा आक्षेप येणार. बरोबर आहे. २०१६ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टात सायखेड्यात पुराचं पाणी शिरलं. पुरात मातीचं लिंपण जाईल, मान्य. पण ते चार पाट्या मातीत परत होतं. टाइल्सच्या आत कोंडलेली ओल मात्र दिसत नाही आणि पुढच्या मोठ्या जाळाला दगा देते.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वहिनीने घेतला. "सारवायचं कोणी?"

इथे मात्र तिच्या बाजूने बोललं पाहिजे. घरोघरी चूल पोतारली, अंगण सारवलं ते बायकांनी. पहाटे उठून, गुडघे टेकून, वर्षानुवर्षं. फरशी आली तेव्हा त्यांना हायसं वाटलं, ते योग्यच होतं. आपण पुरुष आता 'मातीचा सुगंध' वगैरे लिहितो, पण त्या शेणाच्या पाटीत आपला हात कधी गेला? मातीची भट्टी म्हणजे पुन्हा तिच्याच गळ्यात सारवण असेल, तर टाइल्स परवडल्या.

पण हौस कोणाची आहे? भट्टी बांधली पुरुषांनी, रविवारी फावडं धरून मिरवतात तेही पुरुषच. मग लिंपणही त्यांचंच. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की दसऱ्याच्या साफसफाईत, एका सकाळचं काम आहे. भेगा बुजवायच्या, एक थर द्यायचा, चुना मारायचा. एवढं जमत नसेल तर पिझ्झा नाशिकला जाऊन खावा.

ज्या वस्तूकडे कधीच बघावं लागू नये अशी इच्छा असते, ती आपण बांधू तरी का? दादा, टाइल्सची ऑर्डर अजून दिली नसशील तर थांब. पांढरी माती मी आणतो. तुडवायला तू ये.