हजिरीपटातील पूर्वज : लष्करी कागदांचे वाचन आणि मराठी विभागांची जबाबदारी

कुलवृत्तांत हा मराठीतील एक रुळलेला लेखनप्रकार आहे. ज्या घराण्यांकडे सनदा होत्या, वतने होती, त्यांचे वृत्तांत छापले गेले. परंतु ज्या घरांकडे ना सनद ना वतन, त्यांच्या पूर्वजांचे नाव कागदावर कोठे येते? तीर्थोपाध्यायांच्या वह्या सोडल्या तर पुष्कळदा ते फौजेच्या हिशेबातच येते. नागपूरच्या पश्चिमेस काटोलच्या वाटेवरील कळमेश्वर आणि त्याच्या भोवतालची खेडी नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीपासून घोड्याच्या एका मजलेच्या आत होती. अशा गावांतील एखाद्या शेतकरी किंवा महार कुटुंबास आपला पूर्वज शोधावयाचा झाल्यास हजिरीपट, वाटणीची यादी, नालबंदीचा हिशेब हीच त्याची साधने ठरतात. या साधनांचे वाचन हे मुख्यतः भाषेचे काम आहे आणि मराठी विभागांनी ते आपले मानावयास हवे.

पहिली अडचण लिपीची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत आणि नित्याचे शब्द एका अक्षरावर आटोपले जातात. स्थलनामाचेही तसेच. ‘कळमेश्वर’ हे नाव घाईने अर्धेच लिहिले गेले, तर ते ‘कळंब’ म्हणून वाचले जाण्याचा संभव आहे. आणि कळंब यवतमाळ जिल्ह्यात आहे तसे धाराशिव जिल्ह्यातही आहे. एका अक्षराच्या वाचनाने कुटुंबाचे मूळ गाव असे दूर जाऊन पडते.

परंतु लिपी ही अडचणीची केवळ पहिली पायरी होय. मोडी शिकलेला वाचकही ज्या ठिकाणी फसतो ते ठिकाण म्हणजे कालगणना. मराठी कागदांत सन बहुधा अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१८. हा सुहूर सन. तो मृगात पालटतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळविले की इसवी सन येतो. त्यानुसार हे वर्ष १८१७-१८ चे, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईचे (२६-२७ नोव्हेंबर १८१७) ठरते. तारखेत मात्र मोहरम, सफर असे हिजरी महिने असतात. त्यामुळे सनही हिजरीच समजला, तर १२१८ हे वर्ष एप्रिल १८०३ पासून सुरू होते आणि अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) त्यात येते. दोन्ही लढाया भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांशी दिलेल्या, दोन्ही नोव्हेंबर अखेरच्या. दोन्ही वाचने सारखीच पटण्याजोगी वाटतात, आणि त्यांत अंतर चौदा वर्षांचे. एवढ्या अंतरात मुलाचा बाप होतो, बापाचा आजा होतो आणि वंशावळीत एक पिढी वाढते किंवा गळते. महसुली कागदांत येणारा फसली सन तर आणखी निराळा. त्याच वर्षाचा आकडा तेथे १२२७ असा येतो.

तिसरी अडचण शब्दार्थाची. हिचे स्वरूप फसवे आहे, कारण शब्द ओळखीचे दिसतात. ‘कामास आला’ हे वाचून आजच्या वाचकास वाटेल की हा इसम उपयोगी पडला. वास्तविक तो लढाईत मारला गेला. ‘चंदी’ म्हणजे घोड्याचा दाणा; ती वाचणाऱ्याच्या हातून ‘चांदी’ झाली, की घरात नसलेली श्रीमंती येते. ‘नालबंदी’ हा केवळ नाल ठोकण्याचा खर्च नव्हे, ती स्वारांना दिलेली आगाऊ रक्कम होय. ‘बालपरवेशी’ हा शब्द आला तर कर्ता पुरुष लढाईत पडून मागे लेकरे राहिली, असे समजावयाचे. एवढा एक शब्द वंशावळीतील दोन पिढ्या जोडून देऊ शकतो. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद हिशेबनीस काटेकोरपणे पाळीत असे. कुटुंबाच्या स्मृतीत मात्र बारगिराचा शिलेदार होतो आणि शिलेदाराचा सरदार. कागद हे अलंकार उतरवितो, आणि म्हणूनच कित्येकदा तो नकोसा होतो.

चौथी अडचण नावाची. या याद्यांत आजच्या अर्थाचे आडनाव क्वचितच मिळते. अमुक वलद तमुक किंवा अमुक बिन तमुक, मौजे अमुक, एवढ्यावर ओळख संपते. कोरेगावच्या स्तंभावरील नावांतून १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या महार सैनिकांची ओळख पटते ती आडनावांनी नव्हे, ‘नाक’ या नामान्ताने. पुढे इंग्रजी अमदानीत नावे रोमन लिपीत गेली आणि ळ, ण, ठ यांचा मागमूसही उरला नाही. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली गेली. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीनेच २०२१ मध्ये हा पक्षपात मान्य केला. ज्याचे नाव दगडावर नाही, त्याचे नाव शोधणाऱ्यास यादीतील विद्रूप रोमन रूपाशीच झुंजावे लागते. तेथे मराठी ध्वनिव्यवस्थेची जाण ही चैनीची गोष्ट राहत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. कुटुंबेतिहास हा खाजगी हौसेचा विषय असून विद्यापीठीय संशोधनात त्यास स्थान नाही, हा पहिला. पण अशा कागदाचे वाचन आता खाजगी राहिलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. जुन्या कागदातील एका शब्दावर आज प्रमाणपत्र अवलंबून असू शकते. अशा वेळी नोंद कोणी, कशासाठी केली हे विचारणे अपरिहार्य होते. इंग्रजी सैन्यातील ‘मराठा’ हा भरतीच्या सोयीचा वर्ग होता. बेथमची १९०८ ची पुस्तिका भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच लिहिली गेली होती. तेथील जातिनाम हे शिपायाचे स्वतःचे निवेदन मानावयाचे की कारकुनाचे वर्गीकरण, हा प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे, आणि अर्थनिर्णय हाच तर साहित्याभ्यासाचा व्यवसाय.

दुसरा आक्षेप असा की हे काम इतिहास विभागाचे. यादव माधव काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) या ग्रंथाचे ऋण कोणासही नाकारता येणार नाही. परंतु राजकीय इतिहासास हजिरीपटातून फौजेची संख्या हवी असते, कुटुंबास त्यातील एक ओळ हवी असते. ही एक ओळ अक्षर, प्रत्यय, संक्षेप आणि लेखनसवय यांच्या आधारे लावावी लागते. पाठचिकित्सेची जी शिस्त संतवाङ्मयाच्या हस्तलिखितांना लाविली जाते, तीच येथे लावावयाची आहे.

म्हणून मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीची केवळ बाराखडी पुरेशी नाही. दप्तरी मराठीचे वाचन, कालगणना आणि लष्करी परिभाषा यांचा समावेश व्हावा. विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातील कागद लावावेत आणि ते सादर करताना अक्षरशः लिप्यंतर, शब्दार्थ आणि अनुमान हे तीन भाग वेगळे ठेवावेत. न लागलेले अक्षर रिकामे सोडण्याची सवय तर सर्वांत आधी लागावी. कळमेश्वरच्या एखाद्या घराला यातून सरदार मिळणार नाही. कदाचित दुसऱ्याच्या घोड्यावर बसून गेलेला आणि परत न आलेला एक बारगीर मिळेल. त्याचे नाव जसे लिहिले गेले तसे वाचणे, त्यात अक्षर न वाढविणे आणि न गाळणे, एवढे त्याचे आपल्याकडे निघणे लागते.